हात न लावता लावलेला क्रम

भाद्रपदातल्या त्या चार दिवसांत मी मोटारसायकल अंगणातून किती वेळा बाहेर काढली आणि परत आत लावली, ते मला सांगता येणार नाही. बायको ओसरीवर शेपू निवडत बसली होती. ती म्हणाली, "जायचं तर जा, न्हाई तर बसा. त्या गाडीला तरी जरा विसावा द्या." मला जाताही येत नव्हतं आणि बसताही येत नव्हतं. एका मुलीचा नंबर माझ्यामुळे गेला होता. हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं, तिसऱ्या कुणाला नाही, असं मला वाटत होतं. आणि पुढच्या गुरुवारी लातूरला तिघांचा संघ घेऊन जायचं होतं.

अर्धापूर रस्त्यावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला फळबाग शिकवतो. शिकवतो म्हणजे पुस्तक फार कमी उघडतो. झाडाबद्दल पुस्तकातून शिकणारी मुलं मार्चमध्ये पास होतात आणि एप्रिलमध्ये लिंबाला संत्रं म्हणतात, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून मी परीक्षण स्पर्धेच्या मागे लागलो. ती अशी असते: टेबलावर एकाच प्रकारच्या चार वस्तू मांडायच्या, चार फण्या केळी म्हणा किंवा चार ताटल्या मोसंबी. त्यांना अ, ब, क, ड अशा चिठ्ठ्या लावायच्या. मुलांनी दहा मिनिटं बघायचं, सगळ्यात चांगल्यापासून सगळ्यात वाईटापर्यंत क्रम लावायचा, आणि मग परीक्षकासमोर उभं राहून तो क्रम तसाच का लावला ते सांगायचं. वही नाही, पुस्तक नाही. क्रमाला निम्मे गुण, कारणांना निम्मे. माझा सगळा जीव कारणांत. "कारणाशिवाय क्रम म्हणजे मटका," हे माझं वाक्य पोरं माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात.

सरावासाठी मी त्यांना आठवडी बाजारात नेतो. पालेभाजीच्या चार ढिगांसमोर दहा जणांचा घोळका उभा करायचा आणि म्हणायचं, लावा क्रम. एका मावशींनी एकदा माझी चांगलीच हजेरी घेतली होती. "ओ मास्तर, घ्यायचं न्हाई तर पोरं घिऊन का उभं राहिलाव? गिऱ्हाईक अडून राहिलं ना!" त्यांचं खरं होतं. मी मेथीच्या चार जुड्या घेतल्या, त्यातली सगळ्यात वाईट जुडी कोणती ते त्यांनीच हसत दाखवलं.

आणखी एक नियम माझा होता. पहिल्या वर्षी मी चिकू ठेवले होते. प्रत्येक पोराने येऊन एकेकदा दाबून बघितलं. शेवटच्या रांगेतल्यांच्या वाट्याला चिकू न येता चिकूचा शिराच आला. तेव्हापासून मी फर्मान काढलं: हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त बघायचं. जो हात लावेल तो बाहेर. या नियमाचा मला फार अभिमान वाटायचा. डोळ्यांना शिस्त लागते, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

लातूरला दर वर्षी विभागाची स्पर्धा असते आणि दर वर्षी आम्ही हात हलवत परत येतो. लातूरकडची पोरं कारणंसुद्धा पाठ करून येतात. चार फण्या बघायच्या आधीच त्यांचं उत्तर तयार असतं आणि ते ठासून बोलतात. आमची पोरं बघतात चांगलं, पण बोलायची वेळ आली की पायाच्या अंगठ्याने फरशी कोरतात. त्या वर्षी मात्र मला आशा होती, आणि ती आशा अकरावीतल्या एका मुलीवर होती.

ती मुदखेडहून यायची. वडिलांचं तिथे घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान, आई आमच्या वाटेवरच्या एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधायची. मुलगी बोलायची कमी. पण तिची बघण्याची रीत निराळी होती. बाकीची पोरं फळाचं तोंड बघत, ही देठ बघायची. सगळे उभे राहून बघत, ही हात मागे बांधून उकिडवी बसायची आणि मान वाकडी करून टेबलाच्या काठाशी डोळे आणायची. पोरं चिडवायची, "सर, ती मोसंबीशी बोलून राहिली." सरावात मात्र तिने सांगितलेली कारणं ऐकताना मी स्वतः दोनदा गप्प बसलो होतो. मी गप्प बसलो, ही आमच्या वर्गात बातमी असते.

संघ निवडायला आम्ही कॉलेजातच स्पर्धा घेतली. चार फेऱ्या: केळी, मोसंबी, हिरवी मिरची आणि शेवटी आंब्याची कलमं. कलमं त्याच नर्सरीच्या मालकांनी दिलेली. ते दर वर्षी रोपं फुकट देतात, म्हणून दर वर्षी प्रमुख पाहुणे तेच. माणूस बोलायला गोड, सगळ्यांची विचारपूस करणारा. रोपांच्या पिशव्यांवर त्यांच्या नर्सरीचं नाव छापलेलं होतं.

कलम म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कुठल्याही गावरान आंब्याची कोय लावायची. ती उगवून वीतभर झाली की तिचा शेंडा कापायचा आणि त्यावर चांगल्या जातीच्या झाडाची, आमच्याकडे बहुतेक केसरची, बोटभर काडी बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. जोड भरला तर खाली पाय गावरान आणि वर झाड केसर. पण कधी कधी काडी वाळून जाते आणि खालच्या गावरान खुंटालाच फुटवा येतो. तो भराभर वाढतो. त्याला स्वतःची मुळं, स्वतःचं खोड, कुणाची आडकाठी नाही. बघणाऱ्याला वाटतं, काय जोमदार कलम आहे. चार-पाच वर्षांनी त्याला गोटीएवढे आंबट आंबे लागतात, तेव्हा घेणाऱ्याला कळतं.

हे सगळं मी शिकवतो. दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. आणि तरी त्या सकाळी उत्तर ठरवताना मी उभ्या उभ्याच चारी रोपांवरून नजर फिरवली. नियम माझाच, तेव्हा तो आधी मी पाळायचा, म्हणून मीही हात मागे बांधले होते. 'ड' रोप सगळ्यात उंच, पानं काळपट हिरवी, खोड सरळ. पिशव्या काठोकाठ मातीने भरलेल्या, त्यामुळे उभ्याने जोड नीट दिसत नव्हते. मी लिहिलं: ड, अ, क, ब. दोन मिनिटांत उरकलं, कारण बाहेर मांडववाला माईकसाठी हाका मारत होता. तो नसता तरी मी वाकलो असतो का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. नसतोच वाकलो बहुतेक. इतक्या वर्षांनी आपल्याला एका नजरेत कळतं, ही घमेंड माझ्यात मुरलेली होती.

तीन फेऱ्यांत ती मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. चौथ्या फेरीत ती नेहमीसारखी उकिडवी बसली. बराच वेळ 'ड' च्या मागच्या बाजूला होती. मग टेबलासमोर आली. मी मध्ये, माझ्या शेजारच्या खुर्चीवर नर्सरीचे मालक.

"अ, क, ब, ड," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "ड शेवटी?"

"हाव सर."

"का?"

तिने एकदा पाहुण्यांकडे बघितलं आणि खाली बघितलं.

"ड शेवटी का, ते सांग."

"न्हाई सांगता येत सर."

माझा पारा चढला. मी आवाज चढवला की भिंतीपलीकडच्या वर्गापर्यंत जातो. सगळ्यात देखणं रोप तळाला घालतेस आणि कारण सांगता येत नाही, मग इतके दिवस काय उजेड पाडला, हा मटका आहे का, असं बरंच काही बोललो. पोरं खिदळली. मालक मऊ आवाजात म्हणाले, "राहू द्या सर, पोरीची जात हाय, घाबरली आसंल." तिने मान वर केली नाही. त्या फेरीत तिला क्रमाचे जवळजवळ काहीच गुण मिळाले नाहीत आणि कारणांचा भोपळा. ती चौथी आली. तिसरा आला अर्धापूरच्या केळीवाल्यांचा एक मुलगा. संघ तिघांचा, म्हणून ती बाहेर.

निकालानंतर पहिल्या आलेल्या रोपाचं वृक्षारोपण, ही आमची पद्धत. फाटकाजवळ खड्डा तयार होता. पाहुणे झारी घेऊन उभे, पोरं दोन रांगांत, फोटोवाला समोर. पिशवी फाडायचं काम माझं. मी खाली बसलो, ब्लेडने पिशवी चिरली, ती ओढताना वरची माती घसरली, आणि मला दिसलं. खोडाच्या एका अंगाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली बोटभर काडी, पार वाळलेली. आणि पट्टीच्या खालून फुटून वर गेलेलं ते देखणं, उंच, काळपट हिरव्या पानांचं झाड.

मी काय केलं? दोन्ही हातांनी माती ओढली आणि ती काडी झाकून टाकली. विचार करून नव्हे. हात आपोआप गेले. मांडीवरचं धोतर सरकलं की माणूस ओढून घेतो, तसे. पाहुण्यांनी पाणी घातलं, टाळ्या झाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या मुठीत माती होती. वर बघितलं तर रांगेत अगदी समोर ती उभी होती. ती झाडाकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

तो गुरुवार. शुक्रवारी मी वर्गात चिडचिड केली. शनिवारी तर एका शिक्षकमित्राशी उगाच चहाच्या कपावरून भांडलो. रोज येता-जाता फाटकाजवळ ते रोप, आणि रोज ते जरा जास्तच तरतरीत. तिला कारण माहीत असून ती बोलली का नाही, हे मला कळेना. आधी वाटलं भीती. मग आठवलं, तिची आई कुठे काम करते. रविवारी पुन्हा गाडी बाहेर काढली ती सरळ नर्सरीवर नेली.

मालक नांदेडला गेले होते. हिरव्या जाळीखाली सात-आठ बाया खाली बसून कलमं बांधत होत्या. तिची आई टोकाला होती. चाकूने काडीला पाचर काढायची, खुंटात बसवायची, पट्टी दातात धरून ओढायची. मला बघून तिचे हात थांबले.

"सर, तुमी हितं? पोरीनं काय केलं का?"

"पोरीनं काही नाही केलं ताई. मी केलं."

तिने मला जरा बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ नेलं. मी सांगितलं. तिला सगळं माहीत होतं. मुलीने घरी येऊन फक्त एवढं म्हटलं होतं, अम्मी, सरांनी बी बघितलं.

"मेलेली कलमं आमी बाजूला काढून ठेवताव सर," ती हळू आवाजात म्हणाली. "मालक म्हणतेत, हिरवं हाय ना, राहू द्या लायनीत. गिऱ्हाईक पान बघतंय, बूड कोण बघतंय."

माझ्या कानांत ते वाक्य बसलं. मी गिऱ्हाईकही नव्हतो, परीक्षक होतो.

"पोरीला मीच ताकीद दिली व्हती. मालक बसलेले आसतील, तिथं त्वांड उघडू नको म्हणून. मी तर म्हनलं, ते रोप वर लाव, आपलं काय जातंय? पन तिला त्ये जमत न्हाई."

"मग मी काय करू? तिची जागा होती ती."

"तिला लातूरला न्या, नका नेऊ, तुमची मर्जी. पन सर, नर्सरीची गोष्ट काढू नका. मला ह्येच येतंय आन् हितंच चांगलं चालून राहिलंय. बारा साल झाले. जबान द्या."

मी जबान दिली. देताना मला हलकं वाटलं, हेही खरं आहे. गुपित ठेवायला आता माझ्याजवळ चांगलं कारण होतं, माझी लाज आणि तिचं काम एकाच पदराखाली झाकलं जात होतं. परत येताना मी तोडगाही काढला. कलमांची फेरीच रद्द करायची. बाकी तीन फेऱ्यांवर ती पहिली, संघात येते, आणि कुणाचं नाव निघत नाही.

सोमवारी पहिल्याच तासाला मी जाहीर केलं: "चौथी फेरी रद्द. परीक्षकाची चूक झाली. संघ बदलला आहे." आणि नवी तीन नावं वाचली.

केळीवाल्यांचा मुलगा उभा राहिला. चांगला मुलगा आहे, उर्मट नाही. त्याचा चेहरा उतरला होता. "सर, कोणती चूक?"

"परीक्षकाची."

"पन कोणती? माझी जागा गेली सर. कारण तर सांगा."

वर्गात कुणी हसलं नाही. इतके दिवस ज्यांना मी कारण, कारण म्हणून भंडावून सोडलं होतं, ती चाळीस तोंडं माझ्याकडे बघत होती. खडूचा तुकडा या हातातून त्या हातात गेला. मी म्हणालो, "काही गोष्टी..." मुलगा उभाच होता. त्याला बस म्हणायचाही मला धीर नव्हता.

तेव्हा ती उठली. हात पाठीमागे बांधले.

"सर, मी हा गट अ, क, ब, ड असा लावला," तिने सुरुवात केली, अगदी स्पर्धेत सांगतात तसं, सावकाश. "अ पहिलं, कारण त्याचा जोड भरून आलाय आणि नवा फुटवा जोडाच्या वरून आलाय. क दुसरं. त्याचा जोड चांगला हाय, पण पानं कमी हायत. ब तिसरं. ते वाकडं हाय आणि पानं किडीनं कुरतडलीत, पण ते कलम जिवंत हाय. ड शेवटी. ड सगळ्यात उंच हाय, त्याची पानं सगळ्यात गडद हायत, खोड सगळ्यात सरळ हाय. हे सगळं मला मान्य हाय. पण ते कलमच न्हाई. मागून मातीच्या वर काडीचं टोक दिसतं, ती मेलेली हाय. वाढलंय ते खालच्या कोयीचं हाय."

तिला थांबवायला एक 'बस' पुरेसं होतं. मी चौदा वर्षं पोरांना थांबवतच आलो आहे. रविवारी तिच्या आईला दिलेला शब्द माझ्या डोक्यात होता, विसरलो नव्हतो. पण मी थांबवलं नाही. मला ते ऐकायचं होतं. इतकी चोख कारणं माझ्या वर्गात कुणी कधी दिली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, माझ्या गळ्याशी आलेलं संकट एक पोर आपल्या अंगावर घेत होतं, तेव्हा मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची आता मला किळस येते.

तिने नर्सरीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, ते पिशवीवर छापलेलं होतं. केळीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "मंग तीच जाऊ द्या सर," आणि खाली बसला. मधल्या सुट्टीत पोरं फाटकाजवळ गेली आणि मातीत बोटं घालून ती वाळकी काडी एकमेकांना दाखवू लागली. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होतो. अर्धापुरात गोष्ट पोचायला एसटी लागत नाही.

मंगळवार सरावात गेला. बुधवारी अकराच्या सुमाराला मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होतो, तेव्हा एक पोरगा म्हणाला, "सर, बाहेर कुणीतरी आलंय." फाटकापाशी तिची आई उभी होती. हातात डबा, चाकू-पट्ट्यांची कापडी पिशवी. कलमं बांधायचे हेच दिवस असतात, बाया आठ वाजता जाळीखाली बसतात आणि ऊन कलेपर्यंत उठत नाहीत. मी जिना उतरेपर्यंत मला कळलं होतं.

मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. "उद्या किती वाजता निघायचं सर?"

"सातची गाडी. नांदेड स्टँडवरून."

"मी बी येते संगं. पोरगी कवा येवढ्या लांब गेली न्हाई."

"ताई, मी शब्द दिला होता..."

"हाव. दिला व्हता." तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. रागाने बोलली असती तर मला सोसलं असतं. ती रस्त्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "लातूरकडं नर्सऱ्या आसतील ना सर?"

आहेत, मी म्हणालो. खूप आहेत. मला एकीचंही नाव आठवेना.